इंजिन बदललं, आरपीएमचा काटा चुकतोय? मीटर उघडण्याआधी हे तपासा

इंजिन बदलून गाडी सुरू होते, आवाजही छान येतो, पण आयडलिंगला (एक्सलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ४०० वर बसलेला. नाहीतर १८०० वर. नाहीतर हलतच नाही. अशा वेळी बहुतेक गॅरेजांत एकच सल्ला मिळतो: मीटर गेलंय, दुसरं आणा. मग जुन्या मीटरसाठी इंदूरची छोटी ग्वालटोली पालथी घालायची, ते बसवायचं आणि काटा पुन्हा तिथेच. कारण इंजिन बदलण्यापूर्वी नीट चालणारं मीटर इंजिन बदलल्यावर आपोआप बिघडत नाही. बदललेला असतो तो त्याला मिळणारा सिग्नल. म्हणून डॅशबोर्ड खोलायच्या आधी बॉनेट उघडा, आणि बॉनेटच्याही आधी कागद-पेन घ्या.

काटा नेमकं काय मोजतो

मीटरला इंजिनाचे फेरे दिसत नाहीत. त्याला एका वायरीतून पल्स (करंटचे ठोके) येतात, तो त्या मोजतो आणि ‘इतक्या पल्स म्हणजे एक फेरा’ या ठरलेल्या हिशेबाने काटा हलवतो. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून एका फेऱ्यात मिळणाऱ्या पल्स सिलिंडरांच्या निम्म्या: चार सिलिंडरना २, तीनला १.५, सहाला ३.

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. झेनचं ९९३ सीसी आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं. तीन सिलिंडरसाठी बनलेल्या मीटरला चार सिलिंडरचं इंजिन जोडलं तर काटा एक तृतीयांश जास्त दाखवणार, म्हणजे इंजिन ३००० वर असताना ४०००. उलट केलं तर पाऊणपट. हा पाऊणपट प्रकार जास्त धोक्याचा, कारण काटा ४५०० वर निवांत दिसतो तेव्हा इंजिन ६००० वर किंचाळत असतं. काट्याचा हिशेब लागेपर्यंत नवं बसवलेलं इंजिन ताणू नका.

सिलिंडरांची संख्या सारखी असली तरी घोळ होतोच, तो इग्निशनमुळे. जुन्या इंजिनात एक कॉइल आणि डेलको (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा भाग) असतो. ती एकच कॉइल चारही प्लगना करंट देते, म्हणून तिच्या निगेटिव्हवर एका फेऱ्यात २ पल्स मिळतात. दोन कॉइलच्या, डेलको नसलेल्या इंजिनात (सुझुकीचं एमपीएफआय जी१३बीबी याच जातीचं) प्रत्येक कॉइल दोन प्लग सांभाळते आणि दर फेऱ्याला एकदा फायर होते. त्यातल्या एकाच कॉइलवरून मीटरची वायर घेतली की १ पल्स, म्हणजे काटा निम्म्यावर. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात एका कॉइलवर फेऱ्याला अर्धीच पल्स, म्हणजे चार सिलिंडरच्या मीटरवर काटा पाव. जुन्या झेनमध्ये दोन कॉइलचं इंजिन बसवल्यावर आयडलिंगला ४०० दिसणं हा बिघाड नव्हे, साधा भागाकार आहे.

आधी खरा आरपीएम काढा

खरा आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. तो काढायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, स्कॅनर. नव्या इंजिनासोबत त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) आणि ओबीडीचं (स्कॅनर जोडायचं) सॉकेट आलं असेल तर साधा ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप पुरतं. लाइव्ह डेटामध्ये दिसणारा आरपीएम ईसीयूने क्रॅंक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) सेन्सरवरून काढलेला असतो, तोच खरा माना.

दुसरा, कार्ब्युरेटरच्या किंवा ओबीडी नसलेल्या इंजिनासाठी: ऑप्टिकल टॅकोमीटर. क्रॅंक पुलीवर चमकत्या टेपचा एक छोटा तुकडा चिकटवायचा आणि लेझर त्यावर धरायचा. इंदूरच्या सियागंजात टूलच्या दुकानांत विचारून पाहा. टेप क्रॅंकच्याच पुलीवर हवी. अल्टरनेटरच्या पुलीवर लावली तर आकडा दुप्पट-अडीचपट येईल आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसाल.

तिसरा मार्ग हिशेबाचा आणि रस्त्यावरचा. मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ६० किमी धरा, म्हणजे मिनिटाला १००० मीटर. १४५/७० आर१२ टायरचा घेर सुमारे १.६ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण ६२५ फेरे. याला चालू गिअरच्या रेशोने आणि फायनल ड्राइव्हच्या रेशोने गुणा. गिअर १.०, फायनल ४.३ असेल तर इंजिन २७०० च्या आसपास. गाडीच्या स्पीडोमीटरवर इथे भरवसा ठेवू नका. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलला असेल तर तोही चुकत असू शकतो. हे बायपासवर करा, गर्दीत नको, आणि आकडे शेजारी बसलेल्याने लिहायचे.

पहिल्या दोन मार्गांसाठी गाडी न्यूट्रलमध्ये, हॅंडब्रेक ओढलेला, इंजिन गरम. तीन ठिकाणी नोंद घ्या: आयडलिंग, २००० आणि ३५००. प्रत्येक ठिकाणी काट्याचा आकडा भागिले खरा आकडा. निदान या तीन भागाकारांतच असतं.

भागाकार काय सांगतो

तिन्ही ठिकाणी उत्तर सारखं आलं (०.५, ०.७५, १.३३, १.५, २) तर वायरिंग, अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा जोड), मीटर सगळं ठीक आहे. चुकतोय तो फक्त पल्सचा हिशेब. ही सगळ्यात चांगली बातमी, मधले भाग गाळून थेट ‘पल्सचा हिशेब जुळवणे’ या भागाकडे जा.

भागाकार बदलतो पण वजाबाकी सारखीच राहते, म्हणजे सगळीकडे ३०० जास्त, तर काटा चुकीच्या जागी दाबून बसवलाय. मीटर कोणीतरी उघडलं होतं. इंजिन बदलताना बल्ब बदलायला म्हणून क्लस्टर (डॅशबोर्डवरचा सगळ्या मीटरांचा संच) काढतात, तेव्हा हे हमखास होतं.

खाली बरोबर आणि ३००० नंतर काटा मागे पडतो किंवा धपकन शून्यावर येतो: सिग्नल कमजोर आहे, मीटरच्या हातून पल्स निसटतायत. याउलट वर गेल्यावर काटा थरथरतो, उड्या मारतो, जास्त दाखवतो: नसलेल्या पल्स घुसतायत, म्हणजे नॉइज.

हेडलाइट किंवा ब्लोअर लावल्यावर काटा हलतो: अर्थ कच्चा आहे.

काटा मेलेला: करंट, अर्थ किंवा सिग्नल यांपैकी काहीतरी पोचतच नाही.

काटा मेलेला असेल तर

आधी फ्यूज. मग क्लस्टरच्या मागच्या कपलरवर (वायरींच्या जोडणीच्या प्लगवर), चावी ऑन करून, इग्निशनच्या पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा: इंजिन बंद असताना साधारण १२.४, चालू असताना १३.८ ते १४.४. पेट्रोलचा काटा आणि टेंपरेचर चालतंय म्हणून करंट पोचतोय असं धरू नका. काही क्लस्टरमध्ये आरपीएमच्या सर्किटला वेगळी पिन असते.

अर्थ ओहममध्ये मोजू नका. एक बारीक तार जरी शिल्लक असली तरी ओहम चांगलेच दिसतात. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक क्लस्टरच्या अर्थ पिनवर, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि हेडलाइट-ब्लोअर लावून वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.२ च्या वर गेला की अर्थ दुरुस्त करा. हीच चाचणी इंजिनच्या ब्लॉकवरही करा, स्टार्टर मारताना. इंजिन बदलीनंतर ब्लॉकपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी परत बसवायला विसरणं ही इतकी नेहमीची चूक आहे की काही शोधायच्या आधी तीच पाहावी. पट्टी नसेल तर निदान १६ चौरस मिमीची केबल दोन्हीकडे लग दाबून लावा, आणि बॉडीवरचा रंग खरवडून धातू उघडा करा. रंगावर घट्ट आवळलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे.

आता सिग्नल. मल्टीमीटरला हर्ट्झ मोजायची सोय हवी. हर्ट्झ म्हणजे आरपीएम गुणिले फेऱ्यामागच्या पल्स, भागिले ६०. चार सिलिंडरच्या २ पल्सच्या सिग्नलला ९०० वर ३० हर्ट्झ आणि ३००० वर बरोबर १०० हर्ट्झ दिसायला हवेत. तीन सिलिंडरला ३००० वर ७५. आधी इंजिनकडे मोजा, मग तीच वायर क्लस्टरच्या कपलरवर मोजा. इकडे आहे आणि तिकडे नाही म्हणजे मध्ये वायर तुटलीय किंवा जोडलीच नाही. दोन्हीकडे आहे आणि काटा तरी मेलेलाच, तर सिग्नलची जात मीटरला चालत नाही.

कॉइलच्या निगेटिव्हवर मोजताना जपून. फायर होताना तिथे ३०० व्होल्टच्या आसपास झटका येतो. मल्टीमीटरच्या लाल टोकाआधी १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि हात लांब ठेवा. कॉइलवर खुणा + आणि − अशा असतात, काहींवर १५ आणि १. टॅकोची (आरपीएम मीटरची) वायर − किंवा १ वर जाते. + वर लावली तर मीटरला नुसता स्थिर करंट मिळतो, पल्स मिळत नाहीत.

आणि हे लक्षात असू द्या: टॅकोची वायर जोडल्यापासून गाडी स्टार्टच होत नसेल किंवा चालता चालता बंद पडत असेल तर ती वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. कॉइलचा निगेटिव्ह कायम अर्थ झाला की स्पार्क बंद, आणि चावी ऑन राहिली तर कॉइल तापून जाते. वायर काढा, गाडी लगेच सुरू होईल. गाडीतल्या फ्युएल पंपाला दोष देण्याआधी एवढं करून पाहा.

सिग्नलची जात

जुन्या मीटरांना कॉइलचा तो मोठा झटका लागतो. नव्या ईसीयूचा टॅको आउटपुट मात्र बऱ्याचदा आतल्या ट्रान्झिस्टरने वायर अर्थला ओढण्यापुरताच असतो. तो स्वतः १२ व्होल्ट देत नाही. अशा वायरीवर मल्टीमीटर जवळपास शून्यच दाखवतो आणि माणूस समजतो की ईसीयू गेला. उपाय दोन मिनिटांचा: सिग्नलची वायर आणि चावीनंतरचा १२ व्होल्ट यांच्यामध्ये एक पुल-अप रेझिस्टर. १० किलोओहमने सुरुवात करा. काटा जागा झाला पण वर जाऊन दगा देतो, तर ४.७ किलोओहम, मग १ किलोओहम. १ किलोओहमचा असेल तर अर्ध्या वॉटचा घ्या, १४.४ व्होल्टवर त्यात ०.२ वॉट जिरतात आणि पाव वॉटचा तापत राहतो. एकदम १ किलोओहमवर उडी नको, काही ईसीयूंची आउटपुट तेवढा करंट ओढण्यासाठी बनलेली नसते.

आतच इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या कॉइलांवर (तीन-चार वायरींचा कपलर दिसला की ओळखा) ट्रिगरची वायर ५ व्होल्टची असते. जुन्या मीटरला ती ऐकूच येत नाही. तिथून वायर चोरू नका, ईसीयूचा टॅको आउटपुट शोधा. क्रॅंक सेन्सरला तर हातच लावू नका. तो वाचतो त्या ६० उणे २ दातांच्या चक्राला फेऱ्यामागे ५८ दात. काटा टोकाला जाऊन चिकटेल, आणि सेन्सरचा सिग्नल खचला तर चालती गाडी बंद पडेल.

पल्सचा हिशेब जुळवणे

दोन कॉइलच्या इंजिनात टॅको आउटपुट मिळतच नसेल आणि कॉइलचे निगेटिव्ह उघडे असतील, तर दोन १एन४००७ डायोडने काम होतं. डायोडची पट्टीची बाजू एकेका कॉइलच्या निगेटिव्हकडे, दुसरी टोकं एकत्र करून मीटरकडे, आणि त्या जोडावर १ किलोओहमचा पुल-अप. कुठलीही कॉइल चार्ज होताना जोड खाली ओढला जातो, म्हणजे फेऱ्याला २ स्वच्छ पल्स. मोठा झटका डायोड अडवतो. हे चौकोनी सिग्नलवर चालणाऱ्या मीटरांसाठी. झटक्यावर चालणाऱ्या जुन्या मीटरला डायोड उलटे लावा, पट्टी मीटरकडे, पुल-अप नको, पण मध्ये १० किलोओहम, एक वॉट. डायोड-रेझिस्टर महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतील. चार जास्तीचे घ्या, सोल्डर करताना पाय तुटतात.

तीन आणि चार सिलिंडरच्या घोळावर डायोडचा इलाज नाही. बाजारच्या टॅकोमीटरच्या पाठीमागे ४-६-८ चा स्विच असतो. आत तीनची सोय असेलच असं नाही, विकत घेताना विचारा. गाडीच्याच मूळ क्लस्टरमध्ये मागच्या बोर्डवर बारीक पेचाचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असेल तर खऱ्या आकड्याशी जुळवून तो फिरवा, फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खुणावून. प्रीसेट नसेल आणि बोर्डवर एलएम२९१७ हा आयसी दिसला, तर त्याच्या टायमिंगच्या रेझिस्टरवर काट्याचा आकडा सरळ अवलंबून असतो: काटा पाऊणपट दाखवत असेल तर रेझिस्टर चार तृतीयांश करा, १०० किलोओहमचा सुमारे १३३. स्टेपर मोटरच्या क्लस्टरमध्ये (चावी लावताच काटा टोकापर्यंत जाऊन परत येतो, ती बरीचशी) हे चालत नाही. तिथे पल्स गुणून-भागून देणारा कन्व्हर्टर मध्ये बसवावा लागतो.

थरथरणारा काटा

नॉइज शोधताना आधी प्लग पाहा. बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस दिसायला सारखेच, पण ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाडीला ‘आर’चाच प्लग हवा. मग एचटी वायरी (प्लगना जाणाऱ्या जाड वायरी). रात्री अंधारात बॉनेट उघडून निळ्या ठिणग्या दिसतात का पाहा. टॅकोची वायर एचटी वायरींपासून किमान हातभर लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. तरी थांबत नसेल तर शिल्डची वायर, शिल्ड फक्त एकाच टोकाला अर्थ. दोन्हीकडे अर्थ केला की नवाच नॉइज तयार होतो.

जोड सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवा. टेप गुंडाळू नका. इंदुरात मे महिन्यात बॉनेटखाली टेपचा गोंद पातळ होतो आणि जोड उघडा पडतो, मग पहिल्या पावसात काटा पुन्हा नाचायला लागतो.

डिझेल

डिझेलला स्पार्क नाही. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत सिग्नल अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून येतो. इथे सिलिंडर किती हे महत्त्वाचं नाही, पुलीचा व्यास महत्त्वाचा. क्रॅंक पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची ५६ मिमी असेल तर रेशो २.५, बारा पोलच्या अल्टरनेटरला एका फेऱ्यात ६ पल्स, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यामागे १५, आणि ८०० वर २०० हर्ट्झ. नव्या इंजिनासोबत ५० मिमी पुलीचा अल्टरनेटर आला तर काटा १२ टक्के जास्त बोलेल. जुना अल्टरनेटर किंवा जुनी पुली बसवली की प्रश्न मिटला. काटा कमी दाखवत असेल, आणि लाइट लावल्यावर आणखी उतरत असेल, तर आधी बेल्ट ताणा. नव्या अल्टरनेटरला ‘डब्ल्यू’ नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन आतल्या एका फेजवरून वायर बाहेर काढून देतो.

कॅन बसच्या गाड्या

नव्या गाड्यांत आरपीएमसाठी वेगळी वायरच नसते. ईसीयू क्लस्टरला कॅन बसवर (दोन वायरींच्या डिजिटल लाइनवर) निरोप पाठवतो. दुसऱ्या मॉडेलचा ईसीयू आला की निरोपाची भाषा बदलते, काटा शून्यावर आणि डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० हवेत. १२० आले तर शेवटचा एक रेझिस्टर गायब, ४० आले तर एक जास्तीचा जोडलाय. ६० असूनही काटा मेलेला असेल तर वायरींशी झटापट थांबवा. त्याच मॉडेलचा ईसीयू-क्लस्टर किंवा कॅन गेटवे हेच उपाय.

कागदपत्रं आणि शेवटची फेरी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीतले बदल येतात. त्याच जातीचं इंजिन बसवलं तरी नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. एमपी ०९ ची, म्हणजे इंदूरची, गाडी असेल तर नायता मुंडल्याच्या आरटीओत, इंजिनाच्या बिलासह. वेगळ्या जातीचं इंजिन असेल तर परवानगी मिळते का हे आधी विचारा, खर्च नंतर करा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

दुरुस्ती झाली की तेच तीन आकडे पुन्हा घ्या, आधी थंड इंजिनावर, मग अर्धा तास चालवून, मग हेडलाइट-ब्लोअर-वायपर सगळं लावून. खऱ्या आकड्यापासून १०० आरपीएमपर्यंतचा फरक सोडून द्या, कारखान्यातून आलेली मीटरंही तेवढी इकडेतिकडे असतात. वायरीचा रंग, ती कुठून घेतली, कोणता रेझिस्टर कुठे लावला हे एका कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणात चिकटवा, म्हणजे पुढचा इलेक्ट्रिशियन तो रेझिस्टर ‘फालतू’ म्हणून कापून टाकणार नाही.